शंभर मीटरांचं वर्तुळ

"मला ते कुलूप दिसतंय का?"

"तू कुठे आहेस त्यावर आहे."

"घरी. रेडमंडमध्ये."

"आणि कुलूप टॅकोमाच्या बंदरात. मधलं अंतर धर, फासे कमी कर आणि टाक."

संवाद इंग्रजीत चालला होता, मी तो मराठीत देते आहे. जागा होती सिएटलजवळच्या रेडमंड गावातलं माझ्या ताईचं घर. जेवणं झाली, ताटं उचलली गेली आणि त्याच टेबलावर कागद, पेन्सिली आणि मुठी-मुठीने फासे येऊन पडले. भोवती पाच मुलं बसली. माझा सतरा वर्षांचा भाचा, त्याचे तीन मित्रमैत्रिणी आणि गोष्ट पुढे नेणारा कॉलेजातला एक मुलगा, म्हणजे त्यांचा गेममास्टर. मी कडेला खुर्ची ओढून बसले. भाच्याने सांगून ठेवलं होतं, "मावशी, नाही कळलं तर मध्येच विचार. चालतं." त्या रात्री मी खूप विचारलं, आणि परत आल्यावर नियमपुस्तकं घेऊन बसले. हा लेख त्या वाचनातून आला आहे. पण त्याचं मूळ त्या पहिल्या प्रश्नात आहे. जे जग मुळात कुठेच नाही, त्यात एखादी वस्तू 'लांब' कशी असू शकते?

हा टेबलटॉप रोलप्लेइंगचा प्रकार. पडदा नाही, जॉयस्टिक नाही. प्रत्येक खेळाडू एका पात्राचा जीव असतो. ते पात्र काय करतं हे तो तोंडाने सांगतो, आणि ते जमलं की फसलं याचा निकाल फासे देतात. गेममास्टर जग सांभाळतो. दारामागे कोण आहे, पाऊस पडतोय का, पहारेकऱ्याने आवाज ऐकला का, हे सगळं त्याच्याकडे. मुलं खेळत होती तो खेळ शॅडोरन. शिकागोच्या 'फासा' या प्रकाशनसंस्थेने तो १९८९ साली काढला. बॉब चॅरेट, पॉल ह्यूम आणि टॉम डाऊड ही त्याच्या रचनाकारांमधली प्रमुख नावं. खेळाचं मुख्य शहर भविष्यातलं सिएटल. तिथे महाकाय कंपन्यांचं राज्य आहे, जगात जादू परतली आहे, आणि सगळी माहिती मॅट्रिक्स नावाच्या आभासी जगात वाहते. त्या नावाचा प्रसिद्ध चित्रपट १९९९ सालचा, खेळ त्याच्या दहा वर्षं आधीचा. मॅट्रिक्समध्ये शिरून कुलपं उघडणाऱ्याला डेकर म्हणतात. भाचा डेकर होता.

एक गोष्ट मला तिथेच लक्षात आली. आज रेडमंड म्हणजे मायक्रोसॉफ्टचं गाव. कितीतरी मराठी घरं त्या आणि आसपासच्या कंपन्यांमुळे तिथे रुजली, ताईचंही त्यातलंच. शॅडोरनमधलं रेडमंड मात्र ओसाड आहे. 'बॅरन्स' म्हणतात त्याला. पडकी घरं, कायदा नाही, धड सिग्नल नाही. मुलं ज्या गावात राहतात त्याच गावाची उजाड सावली खेळत होती, आणि त्या सावलीतल्या आपल्या घरी बसून भाच्याला टॅकोमातलं कुलूप उघडायचं होतं.

तो फासे मोजत असताना समोरची मैत्रीण फोन काढून बघू लागली. तिचं पात्र दांडगी, बलदंड ऑर्क, म्हणजे खेळातल्या एका मानवेतर जमातीची. संगणकाच्या कामात तिला काही करण्यासारखं नव्हतं. बाकीचे दोघेही खुर्चीत मागे रेलले. टेबलावरचं हे दृश्य या खेळप्रकाराइतकंच जुनं आहे, आणि त्याला नावही आहे: पिझ्झाचा प्रश्न. डेकर कामाला लागला की उरलेल्यांनी पिझ्झा मागवायचा, तो येईपर्यंत डेकर आणि गेममास्टर दोघंच खेळत बसणार. गेली तीसहून अधिक वर्षं या खेळांमधले दिसण्याचे आणि अंतराचे नियम पुन्हापुन्हा बदलत आले आहेत. त्या बदलांच्या मुळाशी हा रिकामा बसलेला मित्र आहे, असं सगळं वाचून झाल्यावर माझं ठाम मत झालं.

थोडं मागे जाऊ. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला. तो टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळांच्या पोटातून जन्मला, म्हणून त्यातली अंतरं इंचात होती. भुयारात एक इंच म्हणजे दहा फूट, उघड्यावर एक इंच म्हणजे दहा यार्ड. मशालीचा उजेड कुठवर, बाण कुठवर, धावत कुठवर, सगळं पट्टीने मोजता येई. अंतर या खेळांच्या हाडात आहे ते तेव्हापासून. अंतरामुळे कोण कोणाच्या मदतीला पोचू शकतो हे ठरतं, म्हणजे सोबत ठरते.

मग १९८०च्या दशकात विल्यम गिब्सन यांनी अंतर पुसून टाकलं. 'बर्निंग क्रोम' या १९८२ सालच्या कथेत त्यांनी 'सायबरस्पेस' हा शब्द आणला आणि १९८४च्या 'न्यूरोमॅन्सर' कादंबरीत त्या अवकाशाला रूप दिलं. तिथला नायक एका खोलीत बसून जगात कुठेही पोचतो. वाचकाला हे स्वातंत्र्य धुंद करणारं वाटतं. कादंबरीत एकच माणूस एका वेळी पुढे असला तरी चालतं, कारण वाचक त्याच्याबरोबरच असतो. टेबलाभोवती पाच जण असतात. एकाला सगळीकडे जाता आलं की उरलेल्या चौघांना कुठेच जाता येत नाही.

आधीच्या रचनाकारांनी यावर जो उपाय केला, तो आभासी जगात खोटी जमीन घालण्याचा होता. माइक पॉन्डस्मिथ यांचा 'सायबरपंक' हा खेळ १९८८ साली आला आणि त्याची 'सायबरपंक २०२०' ही आवृत्ती १९९० साली. त्यात नेटला चक्क जगाचा नकाशा होता. ऑलिंपिया, पॅसिफिका, अटलांटिस अशा प्रदेशांतून नेटरनर, म्हणजे त्या खेळातला डेकर, प्रवास करी, लांबच्या जोडण्या घेत घेत पुढे सरके. पहिल्या शॅडोरनमध्ये प्रत्येक संगणकव्यवस्था खोल्यांच्या आराखड्यासारखी होती. शिरायचं दार, माहितीचं कोठार, मधला मेंदू, आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. भुयाराचा नकाशा उचलून संगणकात ठेवला होता. पण त्या भुयारात शिरणारा एकटाच असे. नकाशा मिळाला, सोबत मिळाली नाही.

२००५ साली शॅडोरनच्या चौथ्या आवृत्तीने तारा काढून टाकल्या. खिशातले फोन आणि घरातलं वायफाय आपल्या जगात रुळत होतं त्याच सुमाराची ही गोष्ट. खेळाच्या कथेत २०६४ साली जुनं मॅट्रिक्स कोसळतं आणि नवं, बिनतारी मॅट्रिक्स उभं राहतं. आता प्रत्येक उपकरणाला सिग्नलचा अंक मिळाला. अंक ० असेल तर पोच ३ मीटर, २ असेल तर १०० मीटर, ४ ला १ किलोमीटर, ६ ला १० किलोमीटर. यातली मला सर्वांत आवडलेली अट ही की दोन उपकरणांना एकमेकांशी थेट बोलायचं तर ती दोन्ही एकमेकांच्या टप्प्यात हवीत. तुमचा आवाज दहा किलोमीटर जात असेल, पण समोरच्याचा तीनच मीटर पोचत असेल, तर संभाषण तीन मीटरांचंच. ज्याचा आवाज लहान, तोच अंतर ठरवतो. हे रेडिओलाही खरं आहे आणि माणसांनाही.

पण बिनतारी जाळ्यात मधली उपकरणं निरोप पुढे ढकलतात. शहरभर पसरलेल्या त्या जाळ्यातून फिरून डेकर घरबसल्या बहुतेक ठिकाणी पोचू शकत होता. टप्प्यांचा तक्ता नेटका होता, पण डेकरला घराबाहेर काढायला तो पुरेना.

२०१३ साली पाचवी आवृत्ती आली तेव्हा रचनाकारांनी प्रश्नच फिरवला. 'पोचतं की नाही' हा प्रश्न सोडून 'किती अस्पष्ट' हा प्रश्न घेतला. त्या अस्पष्टपणाचं नाव नॉइज, म्हणजे गोंगाट. ताईच्या टेबलावर मुलं ज्या तक्त्यात बघत होती तो हा. १०० मीटरपर्यंत गोंगाट ०. तिथून १ किलोमीटरपर्यंत १. १० किलोमीटरपर्यंत ३. १०० किलोमीटरपर्यंत ५. त्यापुढे कितीही, ८. जेवढा गोंगाट तेवढे फासे हातातून काढून ठेवायचे.

हा तक्ता घरी पुन्हा बघताना मी थबकले. प्रत्येक पायरीला अंतर दसपट होतं आणि दंड मात्र एक, दोन, दोन, तीन असा बेताने वाढतो. अंतर गुणाकाराने, त्रास बेरजेने. मोकळ्या जागेत रेडिओलहर अशीच विरते. अंतर दसपट झालं की तिची तीव्रता शंभरपट घटते, आणि अभियंते ती घट दर वेळी सारख्याच २० डेसिबेलने मोजतात. आपले कान आणि डोळेही ढोबळमानाने याच हिशेबाने चालतात. शांत खोलीत पडलेली टाचणी ऐकू येते, बाजारात पातेलं पडलं तरी कळत नाही. रचनाकारांनी हे जाणून केलं की खेळून खेळून तिथे पोचले, त्याने फरक पडत नाही. ज्याने उभ्या आयुष्यात रेडिओचं गणित केलेलं नाही, त्या खेळाडूलाही हा तक्ता 'खरा' वाटतो, आणि त्याचं कारण हे आहे.

फाशांचं गणित साधं आहे. सहा बाजूंचा फासा, ५ किंवा ६ पडले की एक यश. म्हणजे तीन फाशांमागे सरासरी एक. भाच्याच्या डेकरकडे या कामासाठी १२ फासे होते. शंभर मीटरांच्या आत असता तर सरासरी ४ यशं, आणि एकही यश न मिळण्याची शक्यता शेकड्यात एकाहून कमी. रेडमंड ते टॅकोमा अंतर दहा किलोमीटरांच्या पुढचं आणि शंभराच्या आतलं, म्हणून गोंगाट ५. उरले ७ फासे, सरासरी दोनच्या थोडी वर. तो शंभर किलोमीटरांपलीकडे असता तर उरते ४ फासे, आणि पाचातल्या एका खेपेला हात पूर्ण रिकामा. शिवाय अंतर हा गोंगाटाचा एकच उगम. ओसाड भागात सिग्नल नाही म्हणून गोंगाट वाढतो, गजबजलेल्या बाजारपेठेत जाहिराती आणि सिग्नलांची दाटी म्हणूनही वाढतो. उजाडपणा आणि गर्दी या दोन्हींनी माणूस सारखाच ऐकेनासा होतो. शहरात राहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागू नये.

तक्त्याची शेवटची ओळ मला जरा वेळ सतावत राहिली. शंभर किलोमीटरांपुढे सगळं सारखंच. सिएटलहून पोर्टलंड आणि सिएटलहून पुणे, दोन्हींचा गोंगाट ८. भाच्याला विचारलं तर तो सहज म्हणाला, "एवढ्या लांब गेल्यावर काय फरक पडतो गं मावशी?" आईला रोज पुण्याला फोन लावणारी ताई तेव्हा मागे भांडी आवरत होती. तिच्या कानावर हे गेलं की नाही, कोण जाणे.

आता दिसण्याकडे वळते, कारण अंतराचा खरा अर्थ तिथे कळतो.

रस्त्यात डोळे उघडले की समोरचं दिसतं. त्यासाठी कोणी नियम लिहिलेला नाही. आभासी जगात मात्र दिसणं कोणीतरी ठरवून द्यावं लागतं. शॅडोरनच्या मॅट्रिक्समध्ये प्रत्येक उपकरणाचं, प्रत्येक फाइलचं, प्रत्येक शिरलेल्या माणसाचं एक चिन्ह असतं, आयकॉन. फोन, दिवे, गाड्या, कॉफीची यंत्रं, बंदुका, सगळ्यांचे आयकॉन एकाच वेळी समोर आले तर माणूस आंधळाच होईल. म्हणून पाचव्या आवृत्तीने तीन पायऱ्या केल्या. शंभर मीटरांच्या आत जे लपलेलं नाही, ते फासे न टाकता दिसतं. शंभर मीटरांपलीकडचं हवं असेल तर काय शोधतो आहेस ते सांगायचं, गोंगाट वजा करायचा आणि फासे टाकायचे. एक यश मिळालं की ती वस्तू सापडली. आणि जे मुद्दाम लपून बसलं आहे, त्याच्याशी सामना: शोधणाऱ्याचे फासे एकीकडे, लपणाऱ्याचे दुसरीकडे. अशा लपून राहण्याला खेळात 'सायलेंट' चालणं म्हणतात, आणि त्याची किंमतही असते. लपलेला असताना तुमच्या स्वतःच्या प्रत्येक मॅट्रिक्स-कृतीतले दोन फासे कमी होतात. पदर तोंडावर घेऊन चालणाऱ्याला रस्ताही कमीच दिसतो.

यातला सर्वांत सुंदर भाग मला यशांच्या खर्चात सापडला. निरखून पाहताना मिळालेलं प्रत्येक यश म्हणजे एक प्रश्न. हे उपकरण किती ताकदीचं? ही फाइल शेवटची कधी बदलली? यावर दुसऱ्या कोणाची खूण आहे का? आसपास कोणी लपलेलं आहे का? उत्तर खरंच मिळतं, पण विचारलं तेवढंच. तीन यशं मिळूनही चुकीचे तीन प्रश्न विचारले तर मारेकरी शेजारी उभा राहील आणि तुम्हाला कळणार नाही. पाहणं म्हणजे नुसती नजर नव्हे, काय विचारायचं याची जाण, हे या नियमाने सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात ठेवलं आहे. त्या रात्री भाच्याने दोन यशं कॅमेऱ्यांवर खर्च केली. लपलेल्याबद्दल विचारायचं राहून गेलं.

लपलेल्यांचा शोध आणखी एका अटीने अवघड होतो. आसपास कोणीतरी लपलेलं आहे एवढं कळलं, पण लपलेले एकाहून जास्त असतील, तर त्यातलं कोणतं हाती लागणार हे नशिबावर. खेळाडूंनी यातून लगेच पळवाट काढली. मूठभर स्वस्त टॅग, म्हणजे चिमुकली बिनतारी उपकरणं, खिशात ठेवायचे, सगळे लपवून चालू ठेवायचे, म्हणजे शोधणारा त्यांच्यातच अडकून बसतो. नियमाच्या अक्षराला हे धरून आहे, पण खेळ त्याने रखडतो. अशा वेळी गेममास्टरला पुस्तक मिटून स्वतःचा निवाडा द्यावा लागतो. लिहिलेला नियम कितीही बारीक असला तरी शेवटचा नियम टेबलावरचा माणूस असतो, हे या खेळांचं बळ आहे.

आणि या सगळ्या अंतराला दोन मोठे अपवाद आहेत. दोन उपकरणं तारेने जोडली की गोंगाट शून्य, मग अंतर कितीही असो. आणि होस्ट, म्हणजे एखाद्या कंपनीचं आतलं आभासी विश्व. त्यात एकदा शिरलात की तुमचं शरीर जगाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे याला अर्थच राहत नाही, आत गोंगाट नाही. पहिला अपवाद बघा काय करतो. तार लावायची तर कोणीतरी त्या यंत्रापर्यंत चालत जायला हवं, कुंपण ओलांडायला हवं, पहारेकऱ्याला चुकवायला हवं. डेकरला उत्तम जोडणी हवी असेल तर त्याला सोबत्यांशिवाय गत्यंतर नाही.

'सायबरपंक'नेही पुढे हेच ओळखलं, आणि जास्त कडकपणे. २०२० साली आलेल्या 'सायबरपंक रेड'च्या कथेत जुनं जगव्यापी नेट उद्ध्वस्त झालेलं आहे. रेश बार्टमॉस नावाच्या पात्राने सोडलेल्या विध्वंसाने ते गिळलं. उरली ती एकेका इमारतीची वेगळी जाळी. त्यात शिरायचं तर प्रवेशबिंदूपासून ६ मीटरांच्या आत असावं लागतं. किलोमीटर नाहीत, तक्ता नाही, सहा मीटर. तेवढ्यातून बाहेर पडलात तर जोडणी तुटते आणि तुटताना इजा होऊ शकते. आतलं जाळं मजल्यांसारखं रचलेलं, लिफ्टने खाली उतरावं तसं. पुढचे मजले दिसत नाहीत, ते पाहण्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागतो आणि वाटेतला अडथळा येईपर्यंतचंच दिसतं. शिवाय नेटरनरच्या डोळ्यांवर जो चष्मा असतो त्यातून नेट आणि खोली दोन्ही एकदम दिसतात. तो आपल्या पाळीतच कामं उरकतो, त्याच पाळ्यांमध्ये शेजारी मित्र गोळ्या चुकवत असतात. पिझ्झा मागवायला कोणालाही फुरसत मिळत नाही.

संगणकाच्या क्षेत्रातल्या माणसांना हे खटकतं, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. प्रत्यक्षात जगाच्या एका टोकाच्या संगणकात दुसऱ्या टोकावरून शिरता येतं. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, सिएटल-पुण्याच्या मधला उशीर सेकंदाचा लहानसा भाग. मग १०० मीटर कशाला आणि ६ मीटर कशाला? मला वाटतं, खेळाचा नियम जगाची नक्कल करायला बांधलेला नसतो. बुद्धिबळातला हत्ती तिरका जात नाही म्हणून कोणी वनखात्याकडे जात नाही. नियमाला एवढंच विचारायचं, तू माणसांना काय करायला लावतोस? शंभर मीटरांचं वर्तुळ माणसाला उठून जवळ जायला लावतं.

टेबलावर परत येते. सात फाशांतून भाच्याला दोन यशं मिळाली, कुलूप सापडलं, पण ते उघडायच्या प्रयत्नात फासे उलटे पडले आणि पहारा सावध झाला. ते कुलूप होतं त्या गोदामात आयकॉन लपवून बसलेला कंपनीचा माणूस त्याने पाहिलाच नव्हता. तो जरा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी घरातून निघतो. गोदामामागच्या गल्लीत येतो."

आणि टेबल हललं. गल्लीपर्यंत त्याला आणायचं कोणी? गाडी कोणाची? गल्लीत पोचल्यावर त्याला पूर्ण आभासी रूपात, तेही धोक्याच्या पातळीवर, शिरायचं होतं. त्या अवस्थेत एका फाशाऐवजी चार फाशांचा वेग मिळतो, पण आतला घाव खऱ्या शरीराला लागतो. आणि शिरलेल्याचं शरीर निपचित पडतं. हात हलवता येत नाही, पावलं ऐकू येत नाहीत. मॅट्रिक्समध्ये सर्वांत जास्त पाहणारा गल्लीत सर्वांत आंधळा असतो.

मघाशी फोन बघणाऱ्या मुलीने तो पालथा घातला. "तो आत गेला की मी त्याला कचरापेटीमागे ओढते," ती म्हणाली, "आणि समोर उभी राहते." गेममास्टरने विचारलं, कोपऱ्यावरून दोन पहारेकरी येतायत, दिसतात का? तिने फासे उचलले. भाच्याच्या पात्राला त्यातलं काही दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. पण टेबलाच्या या बाजूला बसलेला माझा भाचा तिच्या मुठीकडे श्वास रोखून बघत होता.